हौदा, खुराक आणि डबा: वऱ्हाडातील व्यायामाच्या सातत्याचा इतिहास

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले पातूर हे डोंगरात कोरलेल्या लेण्यांसाठी आणि टेकडीवरील रेणुकामातेच्या मंदिरासाठी ओळखले जाते. शरीरसाधनेच्या इतिहासात त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. तरीही बलसंवर्धनाची एक जुनी व्यवस्था कशी बदलत गेली, हे समजून घ्यायचे असेल तर मोठ्या शहरापेक्षा असे तालुक्याचे गावच अधिक उपयोगी पडते. 1867 मध्ये नागपूरला पोहोचलेला लोहमार्ग अकोल्यावरून गेला. पातूर मात्र त्या मार्गापासून दूर, सडकेच्या आधारावर राहिले. त्यामुळे शेतीच्या चक्राशी बांधलेला व्यायाम आणि दुकानातून विकत घेतलेला पोषक डबा यांच्यातील अंतर अशा ठिकाणी ठळकपणे दिसते.

वऱ्हाडात कुस्तीच्या जागेला आखाडा किंवा तालीम म्हणत आणि तिच्या मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा असे. या मातीत तेल, ताक, हळद अशा वस्तू मिसळून ती मऊ राखली जाई, आणि ती खोरून भुसभुशीत करणे हे कामच मुळी पाठीचा व खांद्यांचा पहिला व्यायाम ठरे. जोर, बैठका, मुद्गल फिरवणे आणि मग प्रत्यक्ष झोंबी असा दिवसाचा क्रम ठरलेला असे. या क्रमात उमेदवाराच्या इच्छेला फारसे स्थान नव्हते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पहाटे कोण आला नाही हे वस्तादाला कळे, जोडीदाराचा सराव अडे, आणि गैरहजेरीची चर्चा दिवस मावळण्यापूर्वी गावभर होई. आज ज्याला प्रेरणा टिकवणे म्हणतात, ते काम तेव्हा मनाकडे नव्हे तर शेजाऱ्यांच्या नजरेकडे सोपवलेले होते.

दुसरा आधार कालगणनेचा होता. नागपंचमीच्या कुस्त्या, गावोगावच्या जत्रांतील दंगली आणि चैत्री पौर्णिमेची हनुमान जयंती या तिथी कोणाच्या सोयीने बदलत नसत. ज्याला जत्रेत लंगोट चढवायचा असे, त्याला आपली तयारी त्या तारखेवरून मागे मोजावी लागे. कापूस, ज्वारी आणि तूर या पिकांच्या ऐन कामात सराव कमी होई आणि कामे आटोपल्यावर तो पुन्हा वाढे; आधुनिक प्रशिक्षणशास्त्रात वर्षाचे चढउताराचे टप्पे पाडण्याची जी पद्धत आहे, तिचे हे एक न लिहिलेले रूप मानता येईल, मात्र ते शास्त्रापेक्षा पावसाने घडवलेले होते.

या पद्धतीला संस्थेचे रूप अमरावतीत मिळाले. अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंतराव यांनी 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. वऱ्हाडात ते आजही हव्याप्र मंडळ या नावाने ओळखले जाते. मंडळाचे खरे वेगळेपण आखाडा उभारण्यात नव्हते, कारण आखाडे आधीही होते. वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या अभ्यासक्रमात मांडून ती शिकवणारे शिक्षक तयार करणे, हे त्याचे वेगळेपण होय. उन्हाळी सुटीतील वर्गांतून शिकलेले शिक्षक परत आपापल्या शाळांत गेले आणि जोर, लेझीम, मल्लखांब हे शाळेच्या तासात आले. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांच्या नावाशी जोडला जाणारा मल्लखांब आणि मैदानावरील हुतूतू हे भारतीय प्रकार मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी परदेशी प्रेक्षकांसमोर सादर केले. स्पर्धेत भाग न घेता केवळ प्रात्यक्षिकासाठी गेलेल्या या पथकाची नोंद पदकांच्या तक्त्यात सापडत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती वऱ्हाडाबाहेर फारशी उरली नाही.

व्यायामाइतकेच खुराकाला महत्त्व होते. खुराक म्हणजे नेहमीच्या जेवणापलीकडे पहिलवानाला मिळणारे पोषण: दूध, तूप, भिजवलेले हरभरे, बदाम आणि खसखस घातलेली थंडाई. त्याचे मोल आजच्या परिमाणांत मोजता येते. दिवसाला 300 ग्रॅम ज्वारीतून सुमारे 30 ग्रॅम, 100 ग्रॅम तुरीच्या डाळीतून सुमारे 22 ग्रॅम, अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून सुमारे 20 ग्रॅम आणि 50 ग्रॅम हरभऱ्यांतून सुमारे 10 ग्रॅम प्रथिन मिळते. ही बेरीज 82 ग्रॅमच्या आसपास जाते. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत मेथिओनिन कमी असते, त्यामुळे भाकर आणि वरण एकत्र खाल्ल्याने दोन्ही उणिवा भरून निघतात. अर्थात हा हिशेब ज्याच्या गोठ्यात म्हैस होती त्याच्यापुरता खरा आहे. शेतमजुराच्या मुलाला भाकर मिळे, खुराक मिळत नसे, आणि आखाड्याच्या गौरवगाथांत हा भेद बहुधा झाकला जातो.

डब्यातील पोषणाचा उगम वेगळ्या मुलखात झाला. दुधातील केसीन या प्रथिनापासून बनवलेली सॅनाटोजेन आणि प्लाझ्मॉन ही चूर्णे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात विकली जाऊ लागली, आणि 1904-05 मध्ये भारताचा दौरा केलेल्या युजेन सँडो या बलोपासकाने पिळदार देहाचे प्रदर्शन व पोषक पदार्थांची जाहिरात ही जोडी लोकप्रिय केली. आजचे व्हे प्रोटीन, म्हणजे चीज बनवताना वेगळ्या होणाऱ्या निवळीतील प्रथिन, दीर्घकाळ टाकाऊ समजले जाई; सूक्ष्म गाळणीचे तंत्र विकसित झाल्यावर त्याचे चूर्ण करणे परवडू लागले. क्रिएटिन हा पदार्थ शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1832 मध्ये मांसातून वेगळा केला, पण तो खाल्ल्याने स्नायूंतील साठा वाढतो हे 1992 मध्ये दाखवले गेले. क्रिएटिन मुख्यतः मांस व माशांतून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तीचा साठा मुळात कमी असतो, आणि दररोज 3 ते 5 ग्रॅम घेतल्यास तिला त्याचा परिणाम अधिक जाणवण्याची शक्यता असते.

या चूर्णांचा योग्य वापर जुन्या खुराकाच्या हिशेबातूनच समजतो. बैठ्या माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिन पुरते, तर स्नायू वाढवणाऱ्या व्यायामात 1.6 ग्रॅमच्या पुढे फारसा अधिक लाभ दिसत नाही. म्हणजे 60 किलो वजनाच्या तरुणाची गरज 96 ग्रॅमच्या आसपास असते आणि वरील जेवणानंतर उरणारी तूट व्हेच्या एका चमच्याहून कमी असते. उरलेला डबा केवळ खर्च वाढवतो. वेष्टनावरील अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक तपासणे आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्याला विचारणे हे मात्र टाळता येत नाही, कारण भेसळीचा धोका गोठ्यातल्या दुधापेक्षा डब्यात ओळखणे कठीण असते.

जिमने तालमीतून भार उचलण्याची क्रिया घेतली, वस्ताद आणि जत्रेची तारीख मात्र घेतली नाही. वर्गणी महिन्याची, आणि सभासद गैरहजर राहिला तरी कोणाचाही सराव अडत नाही. तिथीचे ते जुने बंधन वऱ्हाडातील तालुक्याच्या गावांत दुसऱ्याच रूपाने परतले आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर व 100 मीटर धावणे आणि गोळाफेक करावी लागते, आणि तिची जाहिरात निघाली की पहाटेच्या अंधारात सडकेच्या कडेने धावणाऱ्या मुलामुलींचे गट पुन्हा दिसू लागतात. त्यांच्यातला एखादा आला नाही, तर बाकीचे त्याच्या दारावरून हाक मारत जातात.