मॅनहोलचं झाकण

मुंबईत भूमिगत गटारांची आखणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त असताना अभियंता हेक्टर टुलॉक यांनी योजना मांडल्या. नळ जमिनीखाली गेले, पण तुंबलं की माणसाला आत पोहोचावं लागे. म्हणून रस्त्यावर तोंडं ठेवली आणि त्यांवर बिडाची झाकणं आली. गोल झाकण कसंही फिरवलं तरी आपल्याच भोकातून आत पडत नाही.

पण बिडाला भंगारात भाव येतो, म्हणून झाकणं चोरीला जातात; तर कधी साचलेलं पाणी उतरावं म्हणून ती काढली जातात.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्याखाली होती. एल्फिन्स्टन रोड परिसरात पाणी ओसरावं म्हणून एक झाकण काढलेलं होतं. घराकडे पायी निघालेले बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर त्या उघड्या तोंडात पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. इतक्या मोठ्या शहरात असा मृत्यू व्हावा, हे अक्षम्यच.

त्यानंतर झाकणाखाली लोखंडी जाळी बसवण्याची मागणी जोर धरू लागली. उच्च न्यायालयानेही पालिकेला जाब विचारला. जाळी असेल, तर झाकण फुटलं, चोरीला गेलं किंवा कुणी काढलं तरी माणूस थेट गटारात जात नाही. मोडलेलं झाकण बदलताना खालची जाळीही तपासायला हवी.