अर्धशिशी : उपचारांचा इतिहास

डोक्याच्या बहुधा एकाच बाजूस ठणकणारी, मळमळ, वांती व प्रकाशाचा त्रास यांसह पुनःपुन्हा उद्‌भवणारी वेदना म्हणजे अर्धशिशी. संस्कृत वैद्यकात तिला अर्धावभेदक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोगांत तिची गणना केलेली असून पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात तिचा झटका येतो, असे म्हटले आहे. चरकसंहितेत रूक्ष अन्न, वेगावरोध, श्रम व पूर्वेचा वारा यांचा कारणांत समावेश आहे. सूर्याबरोबर चढणाऱ्या व दुपारनंतर उतरणाऱ्या डोकेदुखीस सूर्यावर्त हे निराळे नाव आहे. चिकित्सेत नस्यावर भर दिसतो. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा घरगुती उपाय महाराष्ट्रात रूढ आहे. उपाशी राहिल्याने झटका येऊ शकतो, हे पाहता त्यात काही तथ्य असावे.

आधुनिक उपचारांचा आरंभ अरगट या बुरशीपासून झाला. १९१८ मध्ये आर्थर स्टोल यांनी स्वित्झर्लंडमध्ये राय धान्यावरील अरगटातून एरगोटामीन वेगळे केले. (खानदेशातील शेतकऱ्यास बाजरीवरील अरगट परिचित आहे, तो याच कुलातला असला, तरी त्यात एरगोटामीन नसते व तो खाण्यात आल्यास विषबाधा होते.) एरगोटामिनाने कानशिलाच्या रोहिणीचे स्पंदन व त्याबरोबर वेदना कमी होते, असे ग्रेअम व वुल्फ यांनी १९३८ मध्ये दाखविले. त्यामुळे हा रक्तवाहिन्यांचाच विकार आहे, अशी समजूत दीर्घकाळ दृढ झाली.

याच औषधाने एक विपरीत गोष्टही उघड केली. ते वारंवार घेणाऱ्यांची डोकेदुखी वाढते व औषध बंद केल्यावर कमी होते, असे पीटर्स व हॉर्टन यांनी १९५१ मध्ये नोंदविले. साध्या वेदनाशामकांनाही हे लागू आहे : महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस ती घेत राहिल्यास औषधजन्य डोकेदुखी जडू शकते. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखत असून त्यांपैकी किमान आठ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर विकारास चिरकारी म्हणतात. असे कित्येक रुग्ण दुकानातून गोळी आणून दिवस निभावतात आणि त्या गोळीनेच अडकतात.

म्हणून झटका थांबविणे व झटके टाळणे हे दोन स्वतंत्र उपचार ठरतात. पहिल्यासाठी १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान आले. दुसऱ्यासाठी हृद्‌रोगावरील प्रोप्रॅनोलॉल उपयोगी पडते, असे १९६६ मध्ये हृद्‌शूळाच्या रुग्णांत योगायोगानेच आढळले. पुढे अ‍ॅमिट्रिप्टिलीन व टोपिरामेट यांची त्यात भर पडली. चिरकारी प्रकारात २०१० पासून बोट्युलिनम विषाची अंतःक्षेपणेही देतात. मेंदूतील तंत्रिकांतून स्रवणाऱ्या एका पेप्टाइडाचा वेदनेशी संबंध १९९० मध्ये दिसून आला व त्याविरुद्धचे पहिले प्रतिबंधक अंतःक्षेपण २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते महाग आहे.

सातपुडा व तापी यांमधील चोपडा तालुक्यात उन्हाळ्यात भर उन्हात राबणाऱ्या मजुराला अंधाऱ्या खोलीत पडून राहा, हा सल्ला पेलत नाही. विकार स्त्रियांत पुरुषांच्या दुपटीतिपटीने आढळतो आणि उपवास, अपुरी झोप व मासिक पाळी ही निमित्ते त्यांच्या वाट्यास अधिक येतात. अशा रुग्णास वेळेवर जेवण, डोक्यावर पुरेशी सावली, वेदनेच्या दिवसांची व घेतलेल्या गोळ्यांची नोंद आणि प्रोप्रॅनोलॉलसारखे स्वस्त प्रतिबंधक औषध हा उपचार परवडणारा आहे. मात्र दमा असल्यास प्रोप्रॅनोलॉल वर्ज्य असल्याने ते वैद्याच्या तपासणीनंतरच सुरू करतात व त्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी पारखतात.