स्वतःची वाट : मुंबईतील ट्राम, लोकल, मेट्रो व मोनोरेल यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

शहरी लोहमार्ग वाहतुकीचा इतिहास लिहिताना घोड्यांची ट्राम, विजेची ट्राम, उपनगरी गाडी आणि शेवटी मेट्रो अशी पायरीपायरीने झालेली प्रगती मांडण्याची प्रथा आहे. वर्गात हा क्रम शिकवायला सोपा जातो, हे मान्य केले पाहिजे. मुंबईच्या बाबतीत मात्र तो साध्या कालगणनेपुढेही टिकत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, एप्रिल १८६७ मध्ये विरार ते बॅक बे अशी रोजची उपनगरी गाडी सुरू झाली, आणि घोड्यांची ट्राम त्यानंतर, ९ मे १८७४ रोजी आली. लंडनची पहिली भुयारी रेल्वे तर १८६३ सालची, म्हणजे मुंबईच्या ट्रामहून अकरा वर्षांनी जुनी आहे.

म्हणून या वाहनांची तुलना यंत्रावरून न करता वाटेवरून करावी, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे. रूळ कोणाच्या जागेवर टाकले आहेत आणि त्या जागेत आणखी कोण वावरतो, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की वेग, गर्दी, खर्च आणि अपघात यांचे बरेचसे स्पष्टीकरण मिळते.

रस्त्यातील रूळ

ट्रामला स्वतःची वाट कधीच नव्हती. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते काळबादेवीमार्गे पायधुणी हे तिचे आरंभीचे मार्ग भर वस्तीतून जात. १९०७ मध्ये घोडे जाऊन वीज आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. परंतु रूळ रस्त्यातच राहिले. बैलगाडी, हातगाडी, पादचारी आणि पुढे मोटार यांच्या गतीनेच ट्रामला चालावे लागे. तिचे सामर्थ्यही याच परिस्थितीतून आले होते. जिना नाही, फलाट नाही. रस्त्यातून पाऊल उचलले की माणूस आत. दोन-तीन मैलांच्या प्रवासाला याहून सोयीचे साधन शहरात नव्हते. १५ जुलै १९२६ रोजी बस सुरू झाल्यावर ट्रामला स्पर्धक मिळाला, १९५० च्या दशकात तिचे मार्ग एकामागून एक बंद होत गेले, आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. ट्राम ‘कालबाह्य’ झाली असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः रस्ता कोणाचा, या वादात ती हरली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

वाटेकरी असलेली वाट

लोकलची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तिचे मार्ग मुंबईकरांच्या नित्य प्रवासासाठी आखलेलेच नव्हते. दख्खन आणि गुजरात यांना बंदराशी जोडणे, हा त्यांचा मूळ हेतू होता. त्यामुळे ते दक्षिणोत्तर धावतात आणि शहराची पूर्व-पश्चिम गरज दीर्घकाळ बसवरच राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, तेव्हा मोठा बदल झाला. अशा गाडीत इंजिन वेगळे नसते. मोटारी डब्यांखालीच असल्याने ती चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. जवळजवळची स्थानके आणि पाठोपाठच्या गाड्या यामुळे शक्य झाल्या.

तरीही लांब पल्ल्याच्या व मालगाड्यांशी असलेली रुळांची वाटणी सुटली नाही. ठाणे ते दिवा ही पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडावे लागले. सुमारे १,७०० प्रवाशांसाठी आखलेल्या नऊ डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी साडेचार हजारांहून अधिक माणसे कोंबली जात. रेल्वेला त्यासाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी वेगळी संज्ञाच वापरावी लागली. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसे, हा तिचा अर्थ. शिवाय ही वाट बंदिस्त नाही. वस्ती रुळांच्या दोन्ही अंगांना वाढली, माणसे रूळ ओलांडत राहिली, दारे उघडी राहिली. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दोन हजारांहून अधिक मृत्यू झाले. गर्दी आणि बेशिस्त ही कारणे यासाठी नेहमी पुढे केली जातात. पण वाटेची ही अर्धवट मालकी मूळ कारणांत धरल्याशिवाय हा आकडा समजत नाही.

बंदिस्त वाट

मेट्रोने नेमकी हीच उणीव भरून काढली. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मार्गिका दोन्ही लोकलमार्गांना आडवी जोडते. तिच्यावर दुसरी गाडी नाही, फाटक नाही, रूळ ओलांडणारा नाही. लोकल ब्रॉडगेजवर, तर ही स्टँडर्ड गेजवर धावते. एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जाऊच शकत नाही, इतका हा वेगळेपणा पक्का आहे.

मोनोरेलचीही वाट पूर्णपणे वेगळी होती, किंबहुना अतिवेगळी. फेब्रुवारी २०१४ मध्ये वडाळा ते चेंबूर सुरू झालेली ही सेवा मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. एका काँक्रीटच्या तुळईवर रबरी चाकांनी बसणारा हा लहान, वजनाला मर्यादित डबा होता. १९ ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत हार्बर लोकल बंद पडली, तेथील गर्दी मोनोरेलकडे वळली, आणि क्षमतेपेक्षा जड झालेली गाडी उंच तुळईवर अडकली. अग्निशमन दलाला शिड्या लावून शेकडो प्रवासी उतरवावे लागले. रुळांवरून माणूस निदान चालत जाऊ शकतो. महिनाभरातच ही सेवा दुरुस्ती व सुधारणेसाठी थांबवण्यात आली.

बंदिस्त वाटेची किंमत मोठी असते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या मेट्रो-३ चा खर्च ३७ हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. ऑक्टोबर २०१९ मधील आरेतील वृक्षतोड आणि गिरगाव-काळबादेवीतील जुन्या इमारतींतील रहिवाशांच्या पुनर्वसनाचा वाद, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका कफ परेडपर्यंत धावते. तिच्या फलाटांवर रुळांच्या बाजूने काचेच्या भिंती असून गाडी थांबल्यावरच दारे उघडतात. तिच्यावर काळबादेवी नावाचे स्थानक आहे. जेथून १८७४ साली घोड्यांची ट्राम जात असे, त्याच परिसरात आता प्रवाशाला तपासणी ओलांडून, सरकत्या जिन्यांनी जमिनीखाली बरेच खोल उतरावे लागते. दोन स्थानकांइतक्या प्रवासासाठी किती जण हा उतार-चढाव करतील, हे पुढील काही वर्षांत मोजता येईल.