तापीकाठचा एक दिवस

सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या घराण्यांना तापी परकी नाही. खानदेशातून आलेल्यांची तर ती माहेरचीच नदी. मुलताईस उगम पावून, भुसावळ आणि प्रकाशा मागे टाकून ती येथे समुद्राला मिळते. गेल्या हिवाळ्यात नातवासह तिच्यावरील जुनी-नवी बांधकामे एका दिवसात पाहिली.

आरंभ चौकबाजारच्या किल्ल्यापासून केला. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी तो सोळाव्या शतकात नदीकाठी उभारला गेला. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा सुभेदार इनायतखान याच भिंतींआड दडून बसला. शहराचा विटांचा तट त्या स्वारीनंतरचा. किल्ल्यालगतच्या होप पुलाचा इतिहास १८७७ पासूनचा. मूळ पूल आज वाहतुकीत नाही. नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून आहे.

पुढे सिंगणपोरचा बंधारा लागतो. भरतीचे खारे पाणी येथे अडते व वरच्या बाजूस पिण्यासाठी गोडे पाणी साठते. तेथून काकरापार आणि मग १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण. त्याच्या जलाशयाचे पाणी थेट नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरले आहे.

"धरण असताना २००६ मध्ये पूर कसा आला?" नातवाने विचारले. धरणावर दोन परस्परविरोधी कामे सोपविलेली असतात. सिंचन व विजेसाठी ते भरलेले हवे, तर पूर झेलण्यासाठी रिकामे. त्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि सुमारे नऊ लाख क्यूसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. १९६८ चा पूर याहून मोठा होता. पण तेव्हा धरण नव्हते. धरण झाल्यावर नदी कायमची बांधली गेली असे आपण मानले, आणि वस्ती तिच्या पात्रालगत सरकली.

आमच्या घरात छातीइतके पाणी होते. आजोबांच्या हातची वंशावळ त्यात गेली. शासकीय सेवेत असताना पाण्याचे आकडे अनेकदा माझ्या नजरेखालून गेले होते. परंतु जलाशयात राखलेल्या रित्या जागेचे मोल त्या दिवशी कळले.

घराला त्यानंतर दोनदा रंग दिला. भिंतीवरील पाण्याची रेघ मात्र मी पुसू दिलेली नाही. संध्याकाळी परतल्यावर नातवाने प्रथम तिच्याशेजारी उभे राहून आपली उंची मोजली. रेघ अद्याप त्याच्या डोक्यावर आहे.