अनुशेषाचा आकडा आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’

महाराष्ट्र विधिमंडळाची तारांकित प्रश्नांची यादी कधी वाचली आहे का? तिची भाषा वर्षानुवर्षं ठरलेली आहे. सुरुवात अशी: ‘सन्माननीय जलसंपदा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?’ मग एक: अमुक प्रकल्प रखडला आहे, हे खरे आहे काय? दोन: असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? तीन: नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली. होय. हे खरे नाही. अंशतः खरे आहे. आणि सगळ्यात शेवटी, माझं सर्वात आवडतं, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केली आणि पीएचडीला इतिहासाकडे वळले. विषय आहे प्रादेशिक विषमता मोजण्याच्या पद्धतींचा इतिहास. ‘यात इतिहास काय आणि गणित काय?’ असं बरेच जण विचारतात. या पोस्टमध्ये एकाच मुद्द्यावरून ते सांगायचा प्रयत्न करते. आमदार मंत्र्याला ‘आमच्या भागाचा पैसा कुठे गेला?’ असं विचारतो, तेव्हा त्याच्या हातात कोणता आकडा आहे यावर सगळं ठरतं. तो आकडा कोणी, कधी आणि कशाने मोजला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

आधी थोडं मागे जाऊ. मंत्र्याला प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आज सहज वाटतो, पण तो तुकड्यातुकड्याने मिळाला. १८६१ च्या कायद्याने झालेल्या विधान परिषदांमध्ये सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने आली. तेव्हासुद्धा सरकारने दिलेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नव्हता. तो १९०९ च्या सुधारणांनंतर आला, आणि तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. उपप्रश्न का महत्त्वाचा? कारण पहिलं उत्तर खात्याने लिहून दिलेलं असतं. खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नाला होते. आणि दुसरा प्रश्न विचारायला तपशील लागतो.

आता महाराष्ट्रात येऊ. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र इथल्या नेत्यांनी तो केला. विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, मराठवाड्याकडे खास लक्ष द्यायचं, वर्षातून एक अधिवेशन विदर्भात घ्यायचं, अशी कलमं त्यात होती. नागपूरचं हिवाळी अधिवेशन हे त्याचंच फळ. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ वं कलम नव्या रूपात आलं आणि १९६० नंतर त्याचं दुसरं उपकलम महाराष्ट्र आणि गुजरातला लागू राहिलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं आणि निधीचं न्याय्य वाटप ही राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यपालांची विशेष जबाबदारी करता येते, अशी ती तरतूद.

म्हणजे वचन होतं, कलमही होतं. नव्हती ती फूटपट्टी. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं आमदाराने म्हणायचं, ‘अन्याय झालेला नाही’ असं मंत्र्याने म्हणायचं, आणि दोघांनीही आपापल्या सोयीची उदाहरणं द्यायची. असं वीस-बावीस वर्षं चाललं.

१९८३ मध्ये सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेतले, नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास करणारे. समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि त्यातून एक शब्द घरोघरी पोचला: अनुशेष.

समितीची पद्धत कागदावर अगदी सोपी आहे. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रं घ्यायची. प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला जेवढा खर्च लागेल तेवढा त्याचा अनुशेष. सगळे मिळून आकडा आला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी.

इथे जरा थांबा. ज्या ‘उर्वरित महाराष्ट्रा’ने सगळा पैसा नेला अशी तक्रार होती, त्याचाच वाटा ३७ टक्के? यात लबाडी नाही, मोजमापाचा गुण आहे. कल्पनेतलं उदाहरण घ्या. एका प्रदेशात दोन जिल्हे. एकाचं सिंचन ३० टक्के, दुसऱ्याचं १० टक्के, आणि राज्याची सरासरी २०. प्रदेश हे एकक धरलं तर तो बरोबर सरासरीवर, अनुशेष शून्य. जिल्हा हे एकक धरलं तर पहिल्याचा अनुशेष शून्य आणि दुसऱ्याचा १० टक्क्यांचा. पहिल्याची बढत दुसऱ्याच्या तुटीतून वजा होत नाही. जिल्हा मोजल्यामुळे श्रीमंत प्रदेशातला गरीब जिल्हा दिसायला लागला, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर प्रदेशाप्रदेशांमधली दरी कागदावर थोडी उथळ दिसू लागली. एकक बदललं की उत्तर बदलतं. आणि एकक निवडणं हे गणिताचं काम नाही, राजकारणाचं आहे.

त्याच वर्षी विधिमंडळाने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. मंडळं प्रत्यक्षात आली ती थेट १९९४ मध्ये, डॉ. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना. पुढे निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली आणि तिने १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून नवा हिशोब मांडला. एकूण १४,००६.७७ कोटी. विदर्भ ६,६२४.०२, मराठवाडा ४,००४.५५, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२०.

दहा वर्षांत चौपट! वर्तमानपत्री मथळ्याला हे छान आहे, पण विद्यार्थ्यांना मी सांगते की असे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच भागाकार करू नका. दरम्यान किमती वाढल्या आणि मोजायचे निकषही तेच राहिले नाहीत. वाट्यांकडे बघितलं तर विदर्भ ३९ वरून ४७ टक्क्यांवर आणि मराठवाडा साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीस टक्क्यांवर गेलेला दिसतो. तेही जपूनच वाचायचं, पण दिशा कळते.

या आकड्याने सभागृहातला प्रश्न बदलला. आता आमदाराला विचारता येऊ लागलं: अमुक जिल्ह्याचा सिंचनाचा अनुशेष इतका, यंदा तरतूद किती, खर्च किती, उरला किती? अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत दीर्घकाळ असलेले प्रा. बी. टी. देशमुख यांचं नाव विदर्भात आजही अनुशेषाबरोबर घेतलं जातं ते यामुळे. भाषणापेक्षा कागद जास्त बोलतो, हे त्या पिढीला नेमकं कळलं होतं.

पण मंत्र्यांच्या उत्तराची भाषाही बदलली. अनुशेष रुपयांत मोजला, की तो रुपयांत संपवता येतो! १९९४ च्या भावाने ठरलेली रक्कम खर्ची पडली, की ‘आर्थिक अनुशेष दूर झाला’ असं उत्तर तयार. पाणी मात्र शेतात पोचलेलं नसतं. धरणांच्या किमती दरम्यान वाढलेल्या असतात, भूसंपादन अडलेलं असतं, विदर्भात झुडपी जंगलाच्या परवानग्या रखडलेल्या असतात. गोसीखुर्दचंच घ्या. १९८३ मध्ये, दांडेकर समिती नेमली त्याच वर्षी, ३७२ कोटींना मान्यता मिळालेला हा प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला. त्यामुळे दुसरी संज्ञा आणावी लागली: भौतिक अनुशेष, म्हणजे हेक्टरमधला. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पैशाचा हिशोब मिटत आला तरी हेक्टरांचा मिटेना, आणि राज्यपालांच्या निर्देशांमध्येही ही बाब वेगळी घ्यावी लागली. रुपया आणि हेक्टर. याच दोन एककांच्या फटीत पश्चिम विदर्भाची एक पिढी कोरडवाहू राहिली.

आणखी एक पेच आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. निधीवाटपाचे निर्देश राज्यपाल देणार, पण आमदार राज्यपालांना सभागृहात प्रश्न विचारू शकत नाही. तो मंत्र्यालाच विचारणार. मग जबाबदारी नक्की कोणाची? यावर उपाय घटनेनेच ठेवला आहे: मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. तो अहवाल म्हणजे आमदारासाठी प्रश्नांची खाण. त्यातला आकडा सरकारचाच असल्यामुळे ‘हे खरे नाही’ म्हणायची सोय राहत नाही.

२०११ मध्ये डॉ. विजय केळकर यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१३ मध्ये तयार झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरला सभागृहापुढे आला. केळकरांनी एकक आणखी बारीक करून तालुक्यावर आणलं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, जिल्ह्याच्या सरासरीत मेळघाट हरवून जातो. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेकांनी विरोध केला. त्यांची भीती समजण्यासारखी आहे: तालुके राज्यभर विखुरले, की प्रदेश म्हणून मांडलेली मागणी विरघळते. तालुक्याच्या बाजूने राज्यघटनेत कलम नाही, प्रदेशाच्या बाजूने आहे.

आणि मग ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदतच संपली. मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सुधीर मुनगंटीवार यांनी मंडळांचं काय झालं असं विधानसभेत विचारलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांच्या उत्तराचा आशय असा होता की राज्यपालांनी विधान परिषदेच्या बारा सदस्यांची नावं जाहीर केली की दुसऱ्याच दिवशी मंडळं जाहीर करू. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी यावर जोरदार आक्षेप घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापन करायचा निर्णय घेतला, पण अशा निर्णयाला राष्ट्रपतींच्या आदेशाची जोड लागते.

त्या दिवशी कोण बरोबर, यावर वाद चालू राहतील. मला खटकलं ते वेगळंच. प्रश्न होता पैशाच्या वाटपाबद्दल, आणि उत्तर आलं बारा नेमणुकांबद्दल. १९८४ पासून प्रश्नाला जो आकड्याचा आधार होता तो त्या देवाणघेवाणीत कुठेच दिसला नाही. मंडळ नाही म्हणजे वार्षिक अहवाल नाही. अहवाल नाही म्हणजे ताजा आकडा नाही. १ एप्रिल १९९४ चा अनुशेष हातात घेऊन आजचा आमदार काय विचारणार? त्या तारखेनंतर जन्मलेली मुलं आता स्वतः शेती करतात.

एखाद्या भागाची तक्रार दडपायला तिला खोटं ठरवावं लागत नाही. ती मोजणं थांबवलं की पुरतं. मग यादीतलं शेवटचं उत्तर आपोआप खरं होतं: प्रश्न उद्भवत नाही.