प्रोप्रॅनोलॉल आणि स्वमग्नता

प्रोप्रॅनोलॉल हे ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन यांचा शरीरावरील परिणाम अडवणारे, बीटाब्लॉकर गटातील औषध आहे. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक (नोबेल, १९८८) यांनी १९६०च्या दशकात आयसीआय कंपनीत ते विकसित केले. उच्च रक्तदाब, अर्धशिशी व हातांचा कंप यांवर ते वापरतात. भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बनवताच आयसीआयने हरकत घेतली होती. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट रद्द केले व देशी उत्पादनाची वाट मोकळी झाली.

संशोधन : स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींपैकी अनेकांचे शरीर सतत ताणाच्या अवस्थेत असते. हे औषध मेंदूतही पोचत असल्याने हा ताण उतरून संवाद सुधारेल, असा कयास आहे. १९८७ साली जॉन रेटी व सहकाऱ्यांनी ८ स्वमग्न प्रौढांना बीटाब्लॉकर दिले. आक्रमकता कमी होऊन बोलणे व मिसळणे वाढल्याचे त्यांनी नोंदवले. मात्र तुलनेसाठी औषधविरहित गोळी घेणारा गट त्यात नव्हता. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात डेव्हिड बेव्हर्सडॉर्फ यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशी तुलना होती. २० जणांना ४० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिल्यावर संभाषणातील देवाणघेवाण सुधारलेली दिसली. एका मात्रेचा हा परिणाम टिकतो का, याचे उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही. तीव्र आक्रमकतेवर मोठ्या मात्रेच्या चाचण्याही झाल्या, पण त्यांतील सहभागी थोडेच होते.

धोके : नाडी मंदावणे, रक्तदाब उतरणे, थकवा. दमा असणाऱ्यांना हे औषध देत नाहीत. मधुमेहात साखर उतरल्याची लक्षणे त्यामुळे झाकली जातात. औषध एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते.

सद्यःस्थिती : स्वमग्नतेतील चिडचिडीसाठी अमेरिकेत रिस्पेरिडोन (२००६) व ॲरिपिप्राझोल (२००९) यांना मान्यता मिळाली, प्रोप्रॅनोलॉलला ती नाही. भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. गावांतील अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके असतात; पुढील तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. वाचा-उपचार, व्यवसायोपचार व विशेष शिक्षण हाच मदतीचा मुख्य आधार आहे. प्रोप्रॅनोलॉल स्वमग्नता बरी करत नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.