हलक्या शब्दांस कोशांत स्थान

रस्त्यावरचा शब्द कोशांत घ्यावा कीं नाहीं, हा वाद आजचा नव्हे. इ. स. १७१० मध्यें इंग्लंडांत जोनाथन स्विफ्टनें ‘टॅटलर’ पत्रांत ‘मॉब’ या शब्दावर टीकेची झोड उठविली. ‘मोबिले व्हल्गस’, म्हणजे चंचल जनसमूह, या लॅटिन शब्दांना छाटून तो झालेला. अशा तुटक्या शब्दांनीं भाषा बिघडते, हा स्विफ्टचा आक्षेप. पुढें १७५५ सालीं डॉ. जॉन्सनचा कोश निघाला. त्यांत ‘मॉब’ निमूटपणें येऊन बसला. स्विफ्टला तितकाच नावडता ‘बँटर’ हा शब्दहि आला, पण ‘रानटी’ असा शेरा घेऊन!

१८५७ मध्यें रिचर्ड ट्रेंच यांनीं लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटीपुढें, कोशकारानें भाषेचा इतिहास लिहावा, शब्दांची निवडानिवड करूं नये, असा पक्ष मांडला. त्याच वर्षीं मुंबईस मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. १८३१ च्या पहिल्या आवृत्तींतील सुमारें ४०,००० शब्दांचे ६०,००० झाले. त्यांत ग्राम्य बोलींतलेहि पुष्कळ आहेत.

शब्द गाळल्यानें तो मरत नाहीं. उलट, शंभर वर्षांनीं एखाद्या मजुराची कोर्टांतील जबानी वाचणारा त्या शब्दापाशीं अडतो, आणि त्या मजुराचें म्हणणेंच हरवतें. म्हणून शब्द अनेकांच्या तोंडीं, अनेक ठिकाणीं, कांहीं वर्षें टिकला आहे, एवढेंच पाहावें. आणि योग्य तो शेरा देऊन त्यास आंत घ्यावें. शेरा पुढें काढतां येतो. न टिपलेला शब्द मात्र मागाहून सांपडेलच असें नाहीं.